पुण्याची वाढ थांबवता येईल का? एका नगररचनाकाराचे सविस्तर उत्तर

आपण लिहिले आहे की नोकरीसाठी आपण लातूरहून आलात, पुण्याच्या पूर्व हद्दीवरील, २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या एका गावात सदनिका घेतली, आणि आपली २४० सदनिकांची सोसायटी आजही टँकरवर चालते. कार्यालयात आणि शेजारीपाजारी जो तो म्हणतो की ‘पुणे आता भरले’. तेव्हा बाहेरून येणारे लोंढे थांबवता येतात का, आणि येत नसतील तर शहराने या वाढीला तोंड कसे द्यावे, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी आधी सरकारी खात्यात आणि नंतर सल्लागार म्हणून नगररचनेचेच काम करत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की मोठ्या शहराची वाढ थांबवता येत नाही, ती फार तर इकडून तिकडे वळवता येते. दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मात्र प्रश्नच जरा वेगळ्या पद्धतीने मांडायला हवा. आपली अडचण माणसे फार आली ही नसून ती जिथे राहायला आली तिथे पाणी, मैलापाण्याची वाहिनी आणि रस्ता त्यांच्यानंतर, पुष्कळदा दहा-पंधरा वर्षांनी पोचतो, ही आहे. वाढीचा वेग कमी करणे कोणाच्या हातात फारसे नसते, पण कामांचा क्रम ठरवणे हातात असते.

आधी आकड्यांविषयी बोलतो, कारण ‘पुणे किती वाढले’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. १९९१ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे १५.६७ लाख लोक होते आणि २००१ मध्ये २५.३८ लाख, म्हणजे दहा वर्षांत ६२ टक्के वाढ. हा आकडा भाषणांत अजूनही ऐकू येतो. परंतु मधल्या काळात, १९९७ मध्ये, ३८ गावे हद्दीत घेतली गेली (पुढे त्यांतली काही वगळली गेली) आणि तिथे आधीपासून राहणारी माणसे एका अधिसूचनेने पुणेकर झाली, हे सांगायचे राहून जाते. २००१ ते २०११ या दशकात पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१.२४ लाखांवर गेली, म्हणजे वाढ सुमारे २३ टक्के. त्याच दशकात पिंपरी-चिंचवड १०.१२ लाखांवरून १७.२७ लाखांवर, म्हणजे तब्बल ७१ टक्के वाढले. वार्षिक दरात मांडले तर एकीकडे जेमतेम दोन टक्के आणि दुसरीकडे साडेपाच टक्के. साडेपाच टक्क्यांनी वाढणारे शहर तेरा वर्षांत दुप्पट होते, आणि आपल्याकडे विकास आराखडा वीस वर्षांसाठी करतात, तेव्हा आराखडा निम्म्यावर येण्याच्या सुमारास त्याचे गृहीतक कालबाह्य होण्याची पाळी येते.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या बेटाची, लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरली. त्याच दशकात तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून ११० लाखांच्या पुढे गेला आणि देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. मुंबई थांबली असे म्हणावे तर ते बेटापुरते खरे आहे. तिची वाढ वसई-विरार, मिरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली आणि पनवेलच्या दिशेने निघून गेली. आपण राहता ती पट्टी हे याच गोष्टीचे पुण्यातले रूप आहे. महानगरांची वाढ त्यांच्या पोटात कमी आणि काठावर जास्त होते.

ही माणसे कुठून येतात? वाढीचे स्रोत तीन: जन्म, स्थलांतर आणि हद्दवाढ. जन्मदराची भीती आता सोडून द्यायला हरकत नाही, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्याही खाली. तरीही शहरात जन्म पुष्कळ दिसतात, याचे कारण स्थलांतर करून येणारा बहुधा पंचवीस-तिशीतला असतो आणि त्याचा संसार इथेच मांडला जातो. काल आलेल्यांची मुले आज ‘नैसर्गिक वाढ’ या रकान्यात मोजली जातात. स्थलांतराबाबत एक समजूत दुरुस्त करतो. पुण्यात येणाऱ्यांत मोठा वाटा महाराष्ट्रातल्याच इतर जिल्ह्यांचा आहे: मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर (नगर), सातारा-सांगली, विदर्भ. ‘बाहेरचे’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते त्यांत आपणही आलात, आणि दोन पिढ्या मागे गेलो तर मीही येतो.

लोंढे थांबवण्याचा उपाय कायद्याने शक्य नाही, कारण देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे. कायदा बाजूला ठेवून केवळ अनुभव पाहिला तरी निष्कर्ष तोच निघतो. १९७० च्या दशकापासून मुंबईत नव्या मोठ्या कारखान्यांना आडकाठी करणारे धोरण होते, नवी मुंबई उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, कोणत्या तारखेपर्यंत आलेल्या झोपडपट्टीवासीयांना संरक्षण द्यायचे ती तारीख आधी १९९५, मग २०००, मग २०११ अशी सरकत गेली. यातल्या कोणत्याही उपायाने माणूस गावी परत गेला नाही. नवी मुंबईने मुंबईवरचा थोडा भार निश्चित उचलला, आणि मी तो मोठाच लाभ मानतो, पण शासनाचे मुख्यालय तिकडे न्यायचे ही मूळ कल्पना कधी प्रत्यक्षात आली नाही. माणूस रोजगाराच्या मागे जातो. हिंजवडी, खराडी, चाकण आणि तळेगाव इथे कामे उभी करायची आणि त्या कामांवर येणाऱ्यांनी मात्र राहायला येऊ नये अशी अपेक्षा करायची, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. पाणी नसले की लोक यायचे थांबतील हेही खरे नाही. २०१६ च्या दुष्काळात आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, त्यामुळे जिथे निदान टँकर तरी विकत मिळतो तिथे माणसे का येतात, हे मी आपल्याला सांगायला नको.

आता काठावर नेमके काय घडते ते तपशिलाने सांगतो, कारण दुखणे तिथे आहे. शहरालगतच्या गावात आधी शेतजमिनीचे भाव चढतात. वाटण्यांनी सातबाऱ्यावर नावे वाढलेली असतात, कोणाला मुलीच्या लग्नासाठी तर कोणाला कर्ज फेडण्यासाठी पैसा हवा असतो, आणि एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले जाऊ लागतात. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, तरी नोटरी करून किंवा सामायिक नावावर व्यवहार होतात, आणि पुढे ते नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागतो. या तुकड्यांकडे जाणारी वाट असते जुन्या पाणंदीची किंवा शिवरस्त्याची, एक बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीची. तिच्या दोन्ही कडांना आधी कुंपणे, मग भिंती आणि मग दुकानांचे गाळे येतात. त्यापुढच्या मोठ्या गटात एखादा विकसक बिगरशेती करून रीतसर मंजुरीने बारा मजली इमारती उभ्या करतो. मंजुरीच्या नकाशात प्रकल्पासमोरचा रस्ता बारा किंवा अठरा मीटर रुंद दाखवलेला असतो, आणि प्रकल्पाच्या हद्दीपुरता तो तेवढा होतोही. परंतु तिथून हमरस्त्यापर्यंतची दीड किलोमीटर वाट पाणंदच राहते. नकाशात चूक कुठेच नसते. आपण रोज सकाळी ज्या कोंडीत अडकता ती बहुधा अशाच वाटेच्या तोंडाशी असते, आणि उड्डाणपुलाने ती सुटत नाही.

पाण्याचेही तसेच. गाव ग्रामपंचायतीत असताना तिची नळयोजना काही हजार लोकांसाठी आखलेली असते. विकसक महापालिकेचे पाणी येईपर्यंत स्वखर्चाने पाणी पुरवण्याचे हमीपत्र देतो, बोअर खोदतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर सोसायटी स्थापन करून मोकळा होतो, आणि हमीपत्राचे नेमके शब्द काय होते हे रहिवाशांना तेव्हा कळते जेव्हा बोअर आटतो. आपल्याच सोसायटीचा हिशेब करू. २४० सदनिका, सरासरी साडेतीन माणसे, म्हणजे ८४० लोक. मैलापाण्याच्या वाहिन्या असलेल्या शहरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हा आपल्याकडचा रूढ निकष आहे, त्याप्रमाणे १,१३,४०० लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचे अकरा-बारा टँकर, रोज. अशा वीस सोसायट्या एका पाणंदीवर असतील तर दिवसाला सव्वादोनशेहून अधिक टँकर तिथूनच आत जाणार आणि तिथूनच बाहेर पडणार. पाण्याचा आणि वाहतुकीचा प्रश्न वेगवेगळे नाहीत, हे मी बैठकांत याच गणिताने समजावतो.

मग पुण्याला पाणीच कमी आहे का? याचे उत्तर मी सावधपणे देतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा उपयुक्त साठा मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. दहा लाख माणसांना १३५ लिटरच्या हिशेबाने वर्षभर लागते पावणेदोन टीएमसी. गळती आणि बेहिशेबी वापर धरून ते अडीचपर्यंत नेले तरी ही मागणी अशक्य कोटीतली नाही. अडचण अशी की याच धरणांतून हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतल्या शेतीला कालव्याने पाणी जाते, आणि शहराने घेतलेले प्रत्येक वाढीव टीएमसी कोणाच्या तरी उसाचे किंवा ज्वारीचे आहे. हा तंटा मिटवणे माझ्या विषयाबाहेरचे आहे. पण इतके निश्चित की धरणात पाणी असणे आणि ते आपल्या टाकीत पडणे यांच्यामध्ये मुख्य वाहिनी, जलशुद्धीकरण केंद्र आणि उंचावरची टाकी असते, आणि आपल्या भागात बहुधा त्यांचीच वानवा असते. पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणाची वाहिनी २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा जिथवर ती पोचली तिथवर फरक पडला.

मैलापाण्याकडे लोक पाण्याइतके लक्ष देत नाहीत, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडते असे आम्ही धरतो. दहा लाख लोकांमागे दररोज जवळपास ११ कोटी लिटर. वाहिनी नसेल तर ते जवळच्या ओढ्यात जाते, ओढा विहिरींत झिरपतो, आणि उरलेले मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत पोचते, जिथून सोलापूर शहर पाणी पिते. जानेवारी २०२५ मध्ये गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात एकवटलेले आढळले आणि दूषित पाण्याकडे संशयाची सुई वळली, तेव्हा मी सर्वात आधी नकाशा उघडून पाहिला: ही सगळी गावे २०१७ आणि २०२१ च्या हद्दवाढीत आलेली. इमारती आधी आणि शुद्ध पाणी व मैलावाहिनी नंतर, या क्रमाची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते. ओढ्यांचे पात्र अरुंद करण्याची किंमत २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने शहराच्या मध्यभागीच दाखवून दिली होती.

इथवरचे थोडक्यात असे: वाढ थांबत नाही; ती काठावर होते; काठावर मंजुरी आणि माणसे आधी येतात, सोयी नंतर. आता या क्रमाचे काय करता येईल ते पाहू.

माझ्या कामाची सुरुवात मोजणीपासून होते, आणि तिथेच सध्या मोठी पंचाईत आहे, कारण २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तोवर २०११ चे आकडे मागच्या दशकांतल्या वाढीच्या ठरावीक सूत्रांनी पुढे ओढून योजना आखल्या जातात. संथ वाढणाऱ्या शहराला ते चालून जाते, काठावरच्या गावाला अजिबात चालत नाही. म्हणून अशा गावात मी घरगुती वीज जोडण्यांची संख्या, मिळकतकराची खाती, दिलेली भोगवटा प्रमाणपत्रे आणि शाळांचा पट हे चार आकडे शेजारी ठेवतो. मीटर आहे पण वापर जवळपास शून्य, ती सदनिका गुंतवणुकीसाठी घेऊन कुलूपबंद ठेवलेली असते; उलट मिळकतकराचे खाते एक आणि मीटर पाच, तिथे मालकाने खोल्या काढून भाड्याने दिलेल्या असतात आणि एकेका खोलीत चार मुले राहतात. चारही आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. ते जिथे जुळत नाहीत त्या गल्ल्यांत जाऊन पाहिले की जनगणनेच्या तक्त्यापेक्षा अधिक कळते.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. विकास आराखड्यात रस्ते आणि आरक्षणे दाखवणे सोपे असते, पण ती जमीन ताब्यात घ्यायला पैसा लागतो, आणि दहा वर्षांत ती घेतली नाही तर मालकाला नोटीस देता येते व त्यानंतर ठरल्या मुदतीतही कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. काठावर जमिनीचा भाव दरवर्षी चढत असताना हे गणित जमणारच नसते. याला जुना आणि चांगला पर्याय आहे नगररचना योजना, ज्याला सगळे टीपी स्कीम म्हणतात. यात एखाद्या पट्ट्यातल्या सर्व वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र केल्या जातात, त्यातून रस्ते, उद्याने, शाळा आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी जागा काढली जाते, आणि प्रत्येक मालकाला साधारण निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक जमीन नीट आखलेल्या अंतिम भूखंडाच्या रूपात परत मिळते. जमीन कमी होते, पण रस्त्यावर आल्याने तिची किंमत वाढते, आणि विस्थापित कोणी होत नाही. अहमदाबाद याच पद्धतीने वाढले. आपल्याकडे १९१५ पासून त्यासाठी कायदा होता आणि पुण्यातला भांबुर्ड्याचा, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचा, काही भाग असाच आखला गेला. मग कित्येक दशके आपण ही पद्धत जवळपास विसरून गेलो. अलीकडे म्हाळुंगे-माण भागात महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती पुन्हा हाती घेतली. हडपसरला मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन स्वतःहून एकत्र करून जे केले ते टीपी स्कीम नव्हते, पण तत्त्व तेच होते.

ही पद्धत रामबाण आहे असे मात्र नाही. जिथे आधीच गुंठ्यागुंठ्याने घरे बसली आहेत तिथे ती फार उशिरा लागू पडते, कारण एकत्र करायला मोकळी जमीनच उरलेली नसते. तिथे ओढ्याचे पात्र वाचवणे, एक-दोन जोडरस्ते काढणे आणि मैलावाहिनी टाकणे एवढेच व्यवहार्य असते. कोणाला कोणता अंतिम भूखंड द्यायचा याचा निवाडा करणाऱ्या लवादाचे काम रेंगाळले तर मालक वैतागतात. शिवाय गाव ग्रामपंचायतीत असताना, म्हणजे हद्दवाढीच्या आधीच, योजना हाती घ्यावी लागते. आपल्याकडे गाव पूर्ण बांधून झाल्यावर ते महापालिकेत घेण्याचा प्रघात आहे. २०२१ नंतर पुणे महापालिकेचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आणि ती क्षेत्रफळाने राज्यातली सर्वात मोठी महापालिका झाली, पण क्षेत्र वाढले म्हणून वाहिन्यांची लांबी आपोआप वाढत नाही. मिळकतकर वाढीव आणि पाणी टँकरचे, यामुळे फुरसुंगी आणि उरुळी देवाची इथल्या लोकांनी बाहेर पडण्याचा आग्रह धरला आणि २०२४ मध्ये तिथे वेगळी नगरपरिषद झाली. त्यांचा राग मला समजतो, पण लहान नगरपरिषदेला मोठी वाहिनी परवडेल का, हा प्रश्न उरतोच.

मेट्रोलगत चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येते ते प्रमाण) वाढवून मध्यवर्ती भागातच जास्त माणसे सामावावीत, असेही आपण सुचवले आहे. तत्त्वतः मी त्याच्या बाजूचा आहे, कारण मध्यभागी वाहिन्या निदान अस्तित्वात तरी आहेत. मात्र चाळीस वर्षांपूर्वी तीन मजल्यांसाठी टाकलेल्या मैलावाहिनीवर बारा मजल्यांचा भार देण्याआधी तिचा व्यास तपासला पाहिजे, आणि वाढीव चटईक्षेत्रापोटी घेतलेला पैसा त्याच भागातल्या वाहिन्यांवर खर्च झाला पाहिजे. सामान्य खात्यात गेला की तो कुठे जातो हे शोधणे अवघड होते.

शेवटी आपल्यापुरते. पुण्याची वाढ आपल्या हाती नाही, पण काही कागद आहेत. आपल्या प्रकल्पाचे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र आणि विकसकाने पाण्याबद्दल दिलेले हमीपत्र यांच्या प्रती माहिती अधिकारात मागवा. हमीपत्रात ‘महापालिकेचा पुरवठा सुरू होईपर्यंत’ असे शब्द असतील तर टँकरचा खर्च कोणी करायचा, हे एखाद्या जाणत्या वकिलाला विचारण्यासारखे आहे. टँकरच्या पावत्या महिनावार लावून ठेवा, कारण मागणीचा याहून खात्रीचा पुरावा पाणीपुरवठा विभागाला दुसरा कोणी देणार नाही. आपल्या भागाच्या प्रारूप (मसुदा) विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की केवळ ‘पाणी द्या’ असे लिहू नका. आपल्या सोसायटीपासून हमरस्त्यापर्यंतच्या पाणंदीची आजची रुंदी जागोजागी मोजून, गट क्रमांकांसह, ती आराखड्यात किती दाखवली आहे ते लिहा. वीस सोसायट्यांनी मिळून असा एक अर्ज दिला तर सुनावणीत त्याला उत्तर द्यावे लागते. आपल्याला मोजणी करताना काही अडले तर गट क्रमांक आणि नकाशा इथेच टाका, मी पाहून सांगतो.